केनच्या कपाटातली विषं

गेल्या अंकात मी काओरी युकी यांच्या ‘काउंट केन’ आणि त्याचा पुढचा भाग ‘गॉडचाइल्ड’ या जपानी मंगांवर लिहिलं होतं. व्हिक्टोरियन लंडन, सतरा वर्षांचा उमराव केन हारग्रीव्ह्ज, त्याचा नोकर रिफ, सावत्र बहीण मेरी वेदर आणि पानापानांवर मुडदे. उभी नोकरी सरकारी प्रयोगशाळेच्या विषविभागात काढलेल्या बाईने निवृत्तीनंतर चित्रकथांवर लिहावं याचं काहींना नवल वाटलं, काहींना राग आला. दोन्ही प्रकारची पत्रं खाली आहेत. नाव छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली.

प्रश्न (कोल्हापूर, महाविद्यालयीन विद्यार्थी) : गॉथिक म्हणजे काळे कपडे, पडका वाडा, मेणबत्त्या आणि रक्त, एवढंच ना? आणि मी सुरुवात कुठून करू?

मेणबत्त्या हव्यातच, त्यांच्याशिवाय मजा नाही. पण या प्रकाराचा मूळपुरुष पाहा. हॉरेस वॉलपोलची ‘द कासल ऑफ ओट्रांटो’ १७६४ मध्ये आली, तिला पहिली गॉथिक कादंबरी मानतात. जुन्या इटालियन पुस्तकाचा आपण केवळ अनुवाद केलाय असा आव आणून त्याने प्रस्तावना लिहिली. तीत तो कथेचं तात्पर्य सांगतो, की बापाच्या पापाची फळं पोरांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत भोगावी लागतात. आणि लगेच कुरकुरतो, की लेखकाने याहून काही उपयोगी तात्पर्य निवडलं असतं तर बरं झालं असतं!

केनची गोष्ट नेमकी तिथूनच उगवते. बापाने त्याचं नाव बायबलमधल्या पहिल्या खुन्यावरून ठेवलं आणि पाठीवर चाबकाचे वळ ठेवले. केनचा जन्म कुठल्या नात्यातून झाला हे कळलं की त्या वळांचं कारणही कळतं. गॉथिक वाड्यातलं खरं भूत बहुतेकदा घरचा कर्ता पुरुष असतो. म्हणून या मंगात खून कोणी केला हे मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही, ते पुष्कळदा आधीच कळतं. या पोराचं असं कोणी केलं, हा प्रश्न मात्र पानं उलटायला लावतो.

सुरुवात ‘काउंट केन’च्या पाच खंडांपासून करा (इंग्रजीत ते ‘द केन सागा’ नावाने आले), मग ‘गॉडचाइल्ड’चे आठ. मधल्या काळात, १९९४ ते २०००, काओरी युकी बाईंनी ‘एंजल सँक्च्युअरी’चे वीस खंड काढले आणि २००१ मध्ये पुन्हा केनला हातात घेतलं. मधली वर्षं हातात दिसतात. आधीच्या खंडांतली पानं गच्च भरलेली, नजर कुठे ठेवावी कळत नाही. ‘गॉडचाइल्ड’मध्ये रेषेला ठेहराव आलाय. धीर नसेल तर थेट ‘गॉडचाइल्ड’ उघडा, फार अडत नाही.

प्रश्न (नागपूर) : लेखिका जपानी, वाचक जपानी, मग गोष्ट लंडनची कशाला? स्वतःच्या देशात भुतं कमी होती का?

भुतांची कमतरता जपानला कधीच नव्हती. पण १९७०च्या दशकात मुलींच्या मासिकांत लिहिणाऱ्या काही चित्रकार बायकांनी मुद्दाम युरोप उचलला. त्यातल्या बऱ्याच जणी जपानी कालगणनेतल्या शोवा २४, म्हणजे १९४९च्या आगेमागे जन्मलेल्या, म्हणून त्यांना ‘चोविसाव्या वर्षाचा गट’ म्हणतात. मोतो हागिओ त्यातल्या अग्रणी. त्यांच्या ‘पो घराण्या’ची गोष्ट १९७२ पासून छापली जाऊ लागली. वय न वाढणारा रक्तपिपासू मुलगा एडगर आणि त्याचा सोबती ॲलन. दोघांची नावं आणि घराण्याचं नाव जोडून वाचा, म्हणजे कोणत्या भयकथाकाराला नमस्कार केलाय ते कळेल. १९७४ मध्ये पहिला खंड पुस्तकरूपाने आला तेव्हा तीस हजार प्रती तीन दिवसांत संपल्या. त्याआधी मुलींच्या चित्रकथा पुस्तकरूपात इतक्या खपतील यावर प्रकाशकांचा विश्वास नव्हता.

परकी जमीन का, याचं मला पटलेलं कारण साधं आहे. बाप क्रूर आहे, आईने टाकलं, घर म्हणजे कोंडवाडा आहे हे सगळं टोकियोतल्या एखाद्या घरात दाखवलं असतं तर वाचणाऱ्या मुलीच्या आईने मासिक बंद केलं असतं. लंडनच्या उमरावाच्या हवेलीत दाखवलं की ते ‘दूरचं’ ठरतं आणि मुलगी निवांत रडू शकते. काओरी युकींचं ‘हाना तो युमे’ हे मासिकही मुलींचंच, १९७४ मध्ये निघालेलं.

प्रश्न (लातूर, औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी) : केन विषं जमवतो. ती खरी असतात का? त्या काळी कोणीही दुकानात जाऊन विष आणत असे का? तुम्ही याच कामात होतात म्हणून विचारते.

आलात माझ्या गल्लीत.

विषं खरी, त्यांचा वेग खोटा. मंगात घोट घेतला, हात गळ्याशी गेला, गुलाब खाली पडले, माणूस संपला. सगळं एका पानात. आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, असं काही करत नाही. तास जातात, कधी दिवस जातात. उलट्या, जुलाब, पोटऱ्यांत गोळे. पटकी झालेल्या माणसाचीही हीच गत होते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या लंडनने पटकीच्या साथींवर साथी पाहिल्या. डॉक्टर दाखल्यावर पटकी लिहून मोकळे होत. चित्रात हे कसं काढणार? रेशमी झग्यातली तरुणी आणि शेजारी तस्त, कोणी वाचेल का?

बेलाडोना या विषारी झुडपाचं मात्र बाई बरं काढतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं चित्राला सोयीचंच आहे. आपल्याकडच्या धोतऱ्यात त्याच घराण्यातली द्रव्यं. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंडाला कोरड, आणि माणूस हवेतले नसलेले धागे चिमटीत धरून ओढत बसलेला. हे वर्णन ज्याने एकदा वाचलं तो विसरत नाही.

आता दुकानाचं. १८५१ पर्यंत इंग्लंडात आर्सेनिक उंदरांसाठी म्हणून कोणीही विकत घेई, आणि तेही मिठासाखरेसारखं पांढरं. त्या साली कायदा झाला. विकणाऱ्याने नोंदवहीत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण लिहायचं, सही घ्यायची, अनोळखी गिऱ्हाईक असेल तर साक्षीदार मागायचा, आणि किरकोळ विक्रीच्या भुकटीत काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे पिठात पडली तर दिसेल. हे विधेयक चर्चेत असताना बायकांना आर्सेनिक विकूच नये अशीही एक दुरुस्ती आली होती. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने गृहमंत्र्यांना पत्र लिहून तिची सालटी काढली आणि ती गळली. पुढे १८६८च्या कायद्याने आणखी विषांची विक्री औषधविक्रेत्यांच्या हाती बांधली. केनचा काळ यानंतरचा. म्हणजे गरीब मोलकरणीला सही करून, कारण सांगून विष घ्यावं लागे, आणि उमरावाच्या पोराचं काचेचं कपाट भरलेलं. त्याला कोण विचारणार? हा अन्याय बाईंनी मुद्दाम दाखवलाय की ओघात आलाय, देव जाणे, पण आलाय.

तुम्ही मार्शचं नाव पाठ्यपुस्तकात वाचलं असेल, त्याचीही गोष्ट घरचीच आहे. १८३२ मध्ये जॉन बोडल नावाच्या तरुणावर खटला झाला, की त्याने आजोबांच्या कॉफीत आर्सेनिक घातलं. रसायनज्ञ जेम्स मार्शने नमुना तपासला, पिवळा साका मिळवला, पण ज्युरीसमोर नेईपर्यंत तो खराब झाला. पोरगा सुटला आणि नंतर त्याने स्वतःच कबूल केलं. मार्श चिडला. १८३६ मध्ये त्याने नवी चाचणी प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्ल यांच्याबरोबर नमुना घालायचा, निघणारा वायू पेटवायचा, ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरायची. आर्सेनिक असेल तर बशीवर चकचकीत काळसर डाग, आरशासारखा. तो डाग कोर्टात नेता येई, टिकत असे. आम्ही शिकलो ती राइन्शची चाचणी याच्या थोडी नंतरची, १८४१ची, तांब्याची पट्टी काळी पडणारी. आता हे सगळं यंत्रावर होतं आणि आकडा मिळतो, पण तो डाग डोळ्यांनी पाहण्याची मजा आकड्यात नाही.

आमच्याकडे व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचा नमुना, बरणीत येत असे. मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवलेला, तोंडावर कापड बांधलेलं, गाठीवर लाखेचं सील. सोबतच्या कागदावर त्याच सीलचा नमुना. दोन्ही ठसे शेजारी धरून जुळवल्याखेरीज बरणी उघडायची नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा कोणी शिकवला नाही, बरोबर येणारे पोलिसांचे कागद वाचता वाचता आपोआप मिळाला. सुरा मारणारा परका असू शकतो. पण कपात विष घालायचं तर कपापर्यंत हात पोचावा लागतो, आणि तिथे पोचलेला हात बहुधा घरातलाच असतो. काओरी युकींच्या गोष्टींत चहाची इतकी भांडी का, हे मला म्हणूनच लगेच उमगलं. वाडा, बाप, वारस, चहा : ही सगळी एकाच पंगतीतली मंडळी.

प्रश्न (नाशिक) : ‘गॉडचाइल्ड’मधल्या ‘स्कोल्ड्स ब्रायडल’ या प्रकरणाचं नाव कशावरून? असली वस्तू खरंच होती?

होती. डोक्यावर बसवायचा लोखंडी पिंजरा, त्याला आत वळलेली पट्टी, ती जिभेवर दाबून बसे. ‘भांडखोर’ ठरवलेल्या बाईला ती घालून गावातून फिरवत. स्कॉटलंड-इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत हे चालत होतं आणि तिकडच्या संग्रहालयांत आजही नमुने आहेत. ‘भांडखोर’ कोणाला म्हणायचं हे कोण ठरवत असे, ते सांगायला नकोच.

प्रश्न (पुणे, मानसशास्त्राचा विद्यार्थी) : या मंगांतलं प्रत्येक पात्र मनोरुग्ण आणि प्रत्येक मनोरुग्ण खुनी. दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व म्हणजे आत लपलेला राक्षस. मानसिक आजाराबद्दल गैरसमज पसरवणारं हे लेखन तुम्ही कौतुकाने कसं मांडता?

तुमचा मुद्दा अर्धा मान्य, आणि तो अर्धा मोठा आहे. मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता जास्त असते. चित्रकथा हे उलटं दाखवतात. एका शरीरात दोन माणसं हा खेळ १८८६ मध्ये स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाइडने लोकप्रिय केला, तेव्हापासून गोष्ट अडली की लेखक तेच बटण दाबतात. ‘गॉडचाइल्ड’मध्येही ते दाबलंय आणि ती मला या मालिकेतली सर्वांत लंगडी जागा वाटते. निदान शिकायला मंगा वाचू नये.

पण निदान बाजूला ठेवून लकबी पाहा. केनच्या गोष्टीतला डॉक्टर जिझाबेल जनावरांवर जीव लावतो आणि माणसांचे अवयव बरण्यांत जपतो. त्याला आजाराचं नाव काय द्यायचं हे मला माहीत करून घ्यायचं नाही. पण माणसांकडून फक्त मार खाल्लेला मुलगा मुक्या प्राण्यांकडे वळतो, हे खोटं आहे का? केनचं विषांचं कपाट घ्या. ज्याचं लहानपण दुसऱ्याच्या मर्जीवर गेलं तो आता एकेक कुपी लेबल लावून, ओळीत, कुलपात ठेवतोय. कोण कधी मरेल याची किल्ली त्याच्या खिशात. एका चित्रात हे मांडणं सोपं काम नाही.

याहून सरस नमुना हवा असेल तर जून मोचिझुकी यांचं ‘पँडोरा हार्ट्‌स’ वाचा. २००६ ते २०१५, चोवीस खंड. नायक ओझ व्हेसालियस पंधरा वर्षांचा, वयात आल्याच्या समारंभातच ‘ॲबिस’ नावाच्या नरकात फेकला जातो, आणि परत येतो तेव्हा बाहेर दहा वर्षं उलटलेली. मित्र गिल्बर्ट मोठा झालाय, हा तसाच. पण ओझची खरी जखम त्याआधीची आहे. बापाने त्याला कधी जवळ घेतलं नाही, तू जन्मलाच नसतास तर बरं झालं असतं असं तोंडावर सांगितलं. आणि हा पोरगा काय करतो? हसतो. सारखा हसतो, थट्टा करतो, सगळ्यांना खूश ठेवतो, आणि संकट आलं की स्वतःला पुढे फेकतो, जणू आपल्या जिवाची काही किंमतच नाही. भोवतालचे आधी त्याला शूर म्हणतात. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की हे शौर्य नव्हे, आणि ते त्याच्यावर चिडतात. त्या चिडण्यात जी माया आहे ती लेखिकेने फार हळू, कित्येक खंड घेऊन उलगडलीय. त्याच गोष्टीत कात्रीने बाहुल्या कापत बसणारा व्हिन्सेंटही आहे. वाचक त्यालाच ‘वेडा’ म्हणतात, कारण तो दिसतो. हसणारा ओझ कोणाच्या नजरेत भरत नाही. तुमच्या विषयाच्या वर्गात चर्चेला घ्यायचं तर मी व्हिन्सेंटला सोडून ओझला घेईन.

प्रश्न (सांगली, एक आई) : माझी मुलगी नववीत आहे. मोबाइलवर हेच सगळं वाचते, टाके घातलेल्या डोळ्यांच्या मुली काढते, खोलीचे पडदे लावून बसते. घरचे म्हणतात, मोबाइल काढून घे. तुमचा लेख वाचून भीती आणखी वाढली.

भीती वाढवायचा हेतू नव्हता. आधी वेगवेगळं करू. टाके घातलेले डोळे काढणं ही चित्रकलेची आवड आहे. त्या वयातल्या मुलींना ते काढायला आवडतं, कारण गोड मुली काढून झालेल्या असतात. पडद्यांचंही मी मनावर घेणार नाही.

पहायचं ते दुसरीकडे. जेवण सुटलंय का, झोप उडालीय किंवा दिवसभर झोपच आहे का, मैत्रिणी तुटल्यात का, अंगावर जखमा लपवते का, ‘मी नसले तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलते का. यातलं काही असेल तर ते मंगामुळे आहे का याचा शोध घेण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. यातलं काहीच नसेल तर मोबाइल काढून घेऊन तुम्ही फक्त तिची बोलायची जागा काढून घ्याल.

तिला गोष्ट सांगायला लावा. ‘हे काय भयंकर वाचतेस’ असं नको. ‘यातला सगळ्यात बिचारा कोण?’ असं विचारा. पोरं या प्रश्नाला भरभरून बोलतात आणि बोलता बोलता स्वतःचंही सांगून जातात. ती ‘पँडोरा हार्ट्‌स’ वाचत असेल तर वाचू दे, तुम्हीही पहिला खंड वाचा. ‘काउंट केन’ मात्र आत्ता नको. त्यात रक्ताच्या नात्यातले संबंध आहेत, छळ उघड आहे, आणि ते पचायला थोडं वय लागतं. तिलाही हेच कारण सांगा. ‘घाणेरडं आहे’ म्हणालात तर आज रात्रीच वाचेल.

प्रश्न (ठाणे) : शेवटी रिफचं काय होतं ते सांगा ना. आठ खंड कोण वाचणार?

नाही सांगणार. वाचा.

प्रश्न (औरंगाबाद, चित्रकार) : नाओकी उरासावाच्या ‘मॉन्स्टर’पुढे हे सगळं नाटकी वाटतं. तिथे वाडा नाही, मेणबत्ती नाही, तरी अंगावर काटा येतो. मग झालर-लेसची गरजच काय?

‘मॉन्स्टर’ मोठंच आहे, वाद नाही. १९९४ ते २००१, अठरा खंड. ड्यूसेलडॉर्फमधला जपानी मेंदूशल्यविशारद तेन्मा महापौराला बाजूला ठेवून आधी आलेल्या पोराला वाचवतो, आणि ते पोर मोठं होऊन माणसं मारत सुटतं. पण तिथेही वाडा आहे की. पूर्व बर्लिनमधलं ते अनाथालय, किंडरहाइम ५११. मुलांना घडवण्याच्या नावाखाली मोडणारी इमारत. बापाच्या जागी तिथे सरकार आलं, एवढाच फरक.

नाटकी म्हणाल तर केन नाटकी आहेच. काओरी युकींची माणसं मरताना एवढं बोलतात की डॉक्टर बोलावून आणता आला असता. मला ते चालतं. आयुष्यभर मी जे अहवाल लिहिले त्यांत एकही विशेषण नव्हतं. अमुक मिलिग्रॅम, अमुक चाचणी, सकारात्मक, सही. मेलेल्या माणसाला शेवटचं काही बोलायचं होतं का, हा रकाना आमच्या छापील कागदावर नव्हता. तेव्हा झालर मला हवी. तुम्ही चित्रकार आहात, तर ‘मॉन्स्टर’ आणि ‘गॉडचाइल्ड’मधली कुठलीही दोन पानं शेजारी ठेवून पार्श्वभूमी पाहा. उरासावा खोली काढतो, तीत नळ आणि खिडकी असते. युकी खोली काढतच नाहीत, त्या माणसाच्या मागे फुलं, पिसं, काळं शाईचं आभाळ काढतात. पात्राच्या मनात जे चाललंय तेच मागे पसरतं. पुढच्या पत्रात सांगा, तुम्हाला यातलं काढायला कुठलं अवघड वाटतं. माझी पैज युकींवर.